कोळशाच्या हिशेबातील पाणी

सुरत शहराच्या दक्षिण अंगास बमरोली नावाचे गाव आहे. आज ते गाव म्हणून वेगळे ओळखू येत नाही. वाढत्या शहराने त्यास केव्हाच आपल्या पोटात घेतले आहे. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत पसरली असून तेथे कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून पोटापाण्यासाठी निघालेली हजारो मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. कापड रंगवावयाचे म्हणजे दोन गोष्टी मुबलक हव्यात, एक उष्णता आणि दुसरी पाणी. उष्णतेसाठी बॉयलरखाली कोळसा किंवा लिग्नाइट जाळावा लागतो. पाण्याची निकड तर येथे इतकी वाढली की, सुरत महानगरपालिकेने बमरोली येथे एक केंद्र उभारून शहराचे सांडपाणी पुन्हा शुद्ध करण्यास आरंभ केला. २०१४ सालापासून हे पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविले जाते. या केंद्राची क्षमता दिवसाला चार कोटी लिटरांची आहे.

म्हणजे बमरोलीत पाण्यास मोल आले आहे. ते नळाच्या मापाने मोजले जाते, त्याची आकारणी होते. परंतु ज्या कोळशावर हे बॉयलर चालतात, तो कोळसा भूमीच्या पोटातून काढताना तेथील पाण्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात सहसा येत नाही. कोळशाचा भाव टनावर ठरतो. त्या टनामागे जमिनीखालचे किती पाणी उपसले गेले, कोणत्या गावच्या विहिरीची पातळी किती उतरली, याची नोंद त्या भावात नसते. भूमिगत कोळसाखाणींचा भूजलावर होणारा परिणाम कसा पारखावा, आणि ही पारख आपल्याकडे इतकी उशिरा का सुरू झाली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम पाणी आणि कोळसा यांचे नाते समजून घेऊ. आपल्या देशातील बहुतेक दगडी कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांस भूशास्त्रज्ञ गोंडवन खडक म्हणतात. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू, चिखल आणि वनस्पतींचा कुजका थर यांच्यापासून ते बनले. वनस्पतींचा कोळसा झाला, चिखलाचा मातीखडक झाला आणि वाळूचा वालुकाश्म झाला. कोळशाचा थर हा असा वालुकाश्माच्या थरांमध्ये दाबलेला असतो, आणि वालुकाश्म हा पाणी धरून ठेवणारा खडक आहे. वाळूच्या कणांमधील पोकळ्यांतून पाणी मुरते, साठते आणि संथपणे वाहते. अशा खडकास जलधर असे नाव आहे. चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत पसरलेल्या वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रात कोळसा ज्या बराकार थरात आहे तो स्वतःच पाणी धरतो. आणि त्याच्या वर असणारा कामठीचा वालुकाश्म, ज्याला नागपूरजवळच्या कामठी गावाचेच नाव मिळाले आहे, तो तर चांगला जलधर म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा या प्रदेशात कोळशासाठी खाली उतरणारा माणूस पाण्यातूनच उतरत असतो. खाण कोरडी ठेवावयाची तर पाणी अहोरात्र उपसलेच पाहिजे.

उपशाचा अर्थ किती मोठा असतो हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्या खाणीचे पंप सेकंदाला ५० लिटर पाणी बाहेर टाकीत आहेत. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर एका दिवसात ४३ लाख २० हजार लिटर पाणी बाहेर येते. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटर हा घरगुती पाण्याचा मापदंड आज शासनाने धरला आहे. त्या हिशेबाने हे पाणी सुमारे ७८ हजार माणसांच्या रोजच्या गरजेइतके झाले. हे उदाहरण हिशेबापुरते आहे. प्रत्यक्ष खाणींत उपसा याहून कमी वा अधिक असू शकतो. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खाणीच्या मालकास जे पाणी म्हणजे निव्वळ अडथळा वाटते, ते त्याच भूमीवर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने धन असते.

आता इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रातील या विषयाचा पहिला धडा चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे आहे. त्या काळी जिल्ह्याचे नाव चांदा होते. १८७१ साली ब्रिटिश सरकारने स्वतःच्या मालकीने वरोऱ्यास कोळशाची खाण सुरू केली. त्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास लोहमार्ग टाकण्यात आला. बंगालातील कोळसा मुंबईकडे आणणे खर्चाचे पडे, म्हणून मध्य भारतात आगगाड्यांसाठी जवळचा कोळसा मिळणे ही सरकारच्या दृष्टीने मोठी गरज होती. पस्तीस वर्षे ही खाण चालली आणि १९०६ साली बंद झाली. सरकारने आपले लक्ष मग बल्लारपूरकडे वळविले. वर्षाकाठी किती टन कोळसा निघाला, त्यावर किती खर्च पडला, किती नफा झाला, यांचे आकडे सरकारी अहवालांत काटेकोरपणे येत असत. खाण ही सरकारची होती आणि हिशेब ठेवण्यात ते सरकार कच्चे नव्हते.

पण भूमीखालच्या पाण्याची पातळी वर्षानुवर्षे, ठरावीक विहिरींत, ठरावीक काळी मोजणारी देशव्यापी यंत्रणा मात्र त्या काळी नव्हती. एवढ्यावरून त्या पिढीस दोष देणे रास्त होणार नाही, कारण भूजलाचे शास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. वाळूतून पाणी कोणत्या नियमाने वाहते हे फ्रान्समधील आन्री दार्सी या अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना १८५६ साली सांगितले. विहिरीतून पाणी उपसले असता भोवतालची पातळी किती अंतरापर्यंत किती उतरते, याचे गणित जर्मनीतील गुंटर थीम याने १९०६ साली मांडले. म्हणजे वरोऱ्याची खाण बंद झाली नेमक्या त्याच वर्षी. आणि काळ जाईल तसा हा उतार कसा वाढत जातो याचे सूत्र अमेरिकेतील थाइस या शास्त्रज्ञाने १९३५ साली दिले. खाणीने विहिरीवर काय परिणाम केला हे विचारण्याची भाषाच वरोऱ्याच्या अधिकाऱ्यांपाशी नव्हती. आज ती भाषा आहे. तथापि १८७० साली वरोऱ्याच्या आसपासच्या विहिरींत किती पाणी होते हे आज कोणतेही शास्त्र सांगू शकणार नाही. जे मोजले गेले नाही ते मागाहून मोजता येत नाही. वरोऱ्याचा खरा धडा हाच आहे.

हा धडा इतका महत्त्वाचा का, हे पटण्यासाठी खाण पाण्यावर कोणकोणत्या वाटांनी परिणाम करते ते पाहिले पाहिजे. अशा वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली वाट उपशाची. पंपाने खाणीतील पाणी काढले की भोवतालच्या खडकातील पाणी तिकडे वाहू लागते आणि पातळी बशीसारखी खोलगट होते. खाणीजवळ ती अधिक उतरते, दूर कमी. मात्र येथे एक बारकावा आहे. गावातील विहीर बहुधा दहा-पंधरा मीटर खोल असते आणि वरच्या झिजलेल्या खडकातील पाणी घेते. खाण शंभर-दोनशे मीटर खाली असते. मध्ये मातीखडकाचा घट्ट, अभंग थर असेल तर खालचा उपसा वरच्या विहिरीस जाणवणारही नाही. तो थर नसेल किंवा फुटलेला असेल तर मात्र विहिरीचे पाणी हळूहळू खाली झिरपू लागते.

दुसरी वाट भेगांची. भूमिगत खाणीत कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. पुढे हे खांबही काढून घेतले जातात, आणि मग छत कोसळते. या कोसळलेल्या पोकळीस खाणकामगार गोफ म्हणतात. छत कोसळल्यावर वरचे खडक तडकत जातात आणि या भेगा काढलेल्या थराच्या जाडीच्या कित्येक पट उंचीपर्यंत पोहोचतात. कधी जमीनच खचते, शेतात खड्डे पडतात, नाल्याचे पाणी भेगेत शिरते. ज्या घट्ट थराने विहिरीचे रक्षण केले होते तोच असा फुटला म्हणजे वरचे पाणी व खालची खाण यांचा थेट संबंध जडतो. हा धोका कमी करण्यासाठी कोळसा काढलेल्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरण्याची पद्धत आहे. ती खर्चाची खरी, परंतु जमिनीस आणि पाण्यास आधार देणारी आहे.

तिसरी वाट पाण्याच्या गुणाची. कोळशात व त्याच्या लगतच्या खडकांत गंधकाचे लोहखनिज असते. हवा व पाणी लागताच त्यातून आम्ल तयार होते आणि लोह, गंधकाचे क्षार पाण्यात उतरतात. या बाबतीत सर्व खाणी सारख्या नसतात. गोंडवन कोळशात गंधक सामान्यतः कमी असल्यामुळे आपल्याकडील पुष्कळ खाणींचे पाणी आम्ल नसून केवळ जड असते; काही खाणींचे पाणी मात्र आम्लधर्मी निघते. मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतील कोळशात गंधक अधिक असल्याने तेथील नद्यांचे पाणी आम्ल होऊन त्यांतील जीवसृष्टी उजाड झाली. उलटपक्षी, नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीचे पाणी शुद्ध करून ते पिण्याचे पाणी म्हणून बाटल्यांत भरण्याचा उपक्रमही वेस्टर्न कोलफील्ड्सने केला आहे. तेव्हा खाणीचे पाणी म्हणजे विषच, असे समजणे चुकीचे आणि ते निर्धोकच, असे समजणेही चुकीचे. ते तपासले पाहिजे, एवढेच खरे.

चौथी वाट सर्वांत दुर्लक्षित आहे. ती खाण बंद झाल्यानंतर उघडते. पंप थांबले की पाणी पुन्हा चढू लागते आणि गोफ भरतो. वर्षानुवर्षे हवा लागून सुटे झालेले क्षार त्या पाण्यात विरघळतात आणि हे पाणी कधी जवळच्या जलधरात, कधी ओढ्यात बाहेर पडते. जर्मनीतील रूर प्रदेशात शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. परंतु तेथील पाणी उपसण्याचे काम बंद झाले नाही. खाणींचे दूषित पाणी पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत चढू नये म्हणून ते यापुढेही उपसत राहावे लागणार आहे. जर्मन लोकांनी या कामास चिरंतन काम असेच नाव दिले आणि त्याच्या खर्चासाठी २००७ साली एक स्वतंत्र निधी स्थापन केला. कोळसा संपला तरी पाण्याचे देणे संपत नाही, ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली.

आपल्याकडे न मोजलेल्या पाण्याने याहून भीषण रूपानेही दर्शन दिले आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मरण पावले. तो जिल्हा त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. १९७५ च्या नोव्हेंबरात नागपूरजवळ सिलेवाडा खाणीत पाणी शिरून दहा माणसे गेली. त्यानंतर महिना दीड महिन्यातच, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळ चासनाला खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामाचे पाणी फुटून ३७५ कामगार बुडाले. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत पुन्हा तसाच प्रसंग आला. सहा माणसे दगावली. परंतु जसवंतसिंग गिल या अभियंत्याने वरून भोक पाडून, त्यातून लोखंडी पिंजरा सोडून, अडकलेल्या ६५ जणांस सुखरूप वर आणले. मेघालयात २०१८ च्या डिसेंबरात क्सान येथील खाणीत पाणी शिरून पंधरा कामगार अडकले.

पाण्याने भरलेल्या जुन्या खोदकामापासून ६० मीटरांच्या आत परवानगीवाचून काम नेऊ नये, असा नियम १९५७ च्या कोळसाखाण नियमावलीत होता. परंतु जुने खोदकाम कोठे आहे आणि त्यात पाणी किती आहे हेच ठाऊक नसेल तर साठ मीटर मोजावयाचे कोठून? खाणकामगाराचा जीव आणि शेतकऱ्याची विहीर या दोन निरनिराळ्या गोष्टी वाटतात. दोहोंचे रक्षण करणारी वही मात्र एकच आहे. भूमीखाली पाणी कोठे आहे, किती आहे, कोणत्या दिशेने सरकते आहे, याची ती वही होय.

ही वही आपल्याकडे उशिरा उघडली गेली. देशात ठरावीक विहिरींची पातळी नियमाने मोजण्याचे काम १९६९ च्या सुमारास सुरू झाले. केंद्रीय भूजल मंडळ १९७० साली स्थापन झाले, आणि महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे उभी राहिली. याच काळात, १९७३ साली, कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि १९७५ साली नागपूर येथे मुख्य ठाणे असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी अस्तित्वात आली. तोवर बल्लारपूर, घुग्घुस, पेंच या क्षेत्रांत कित्येक दशके खोदकाम होऊन गेले होते. म्हणजे विहिरी मोजावयास आरंभ झाला तेव्हा पुष्कळ ठिकाणी मूळची पातळी आधीच बदलली होती. पुढे उघड्या खाणींचा विस्तार झाला, गावोगावी वीज आली, विजेचे पंप बसले, बोअरवेली झाल्या. आज एखाद्या गावची विहीर मार्गशीर्षातच आटली तर गावकरी खाणीकडे बोट दाखवितात, खाणीचे अधिकारी शेतकऱ्यांच्या पंपांकडे दाखवितात, आणि तिसरा कोणी पावसाकडे दाखवितो. तिघांच्याही म्हणण्यात थोडेफार तथ्य असू शकते. निवाडा कसा करावा?

याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. पुन्हा एक कल्पित उदाहरण घेऊ. खाणीजवळच्या गावात, खाण सुरू होण्यापूर्वी, वैशाखात विहिरीचे पाणी जमिनीपासून सात मीटर खोल होते. दहा वर्षांनी ते अकरा मीटर खोल गेले. उतार चार मीटर झाला. हा सर्व उतार खाणीच्या नावे लिहावा काय? त्यासाठी दुसरे एक गाव पाहिले पाहिजे. तेथील खडक तसाच, पाऊस तितकाच, पिके आणि पंपही तसेच असावेत. पण ते खाणीच्या उपशाच्या कक्षेबाहेर असावे. त्या गावातील विहिरीची पातळी याच दहा वर्षांत तीन मीटर उतरली असेल, तर खाणीच्या माथी फक्त एक मीटर येतो. उलट तेथे पातळी जशीच्या तशी राहिली असेल, तर चारही मीटरांचा जाब खाणीस द्यावा लागेल. या निवाड्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात त्या दोन गोष्टी : खाणीपूर्वीचा आकडा आणि तुलनेसाठी राखलेली दूरची विहीर. यांपैकी पहिली गोष्ट एकदा हुकली की कायमची हुकली. आणि ती हुकली तर नुकसान नेहमी दुबळ्याचे होते. कारण विहीर आटल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर येतो, आणि त्याच्या हाती कागद नसतो.

येथवर आपण चंद्रपूर-नागपूरकडची हकीकत पाहिली. ती सुरतेच्या श्रोत्यांस सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, सुरत जिल्ह्याच्या पोटातही कोळसा आहे. तो गोंडवनाचा दगडी कोळसा नसून त्याहून पुष्कळ तरुण असा तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट आहे. मांगरोळ तालुक्यात वस्तान येथे त्याची उघडी खाण असून नानी नरोली येथील वीजकेंद्रासाठी ती खोदली गेली. ताडकेश्वर येथेही लिग्नाइटची खाण आहे. या उघड्या खाणी झाल्या. परंतु उघड्या खाणीस न परवडणाऱ्या खोल लिग्नाइटसाठी एक वेगळीच कल्पना वस्तानला पुढे आली. माणूस खाली उतरवावयाचा नाही, कोळसा वर आणावयाचा नाही. भोक पाडून जमिनीखालीच तो पेटवावयाचा आणि त्याचा वायू करून दुसऱ्या भोकातून वर घ्यावयाचा. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने यासाठी २००४ साली मॉस्को येथील स्कोचिन्स्की खाण संस्थेशी सहकार्याचा करार केला, आणि प्रायोगिक प्रकल्पासाठी वस्तानची जागा योग्य ठरविण्यात आली.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी याने १९१२ साली ती मांडली. सोव्हिएत रशियाने तिच्यावर मोठे प्रयोग केले. उझबेकिस्तानातील आंग्रेन येथे १९६० च्या दशकात असे केंद्र सुरू झाले. पण या पद्धतीत सगळा डाव पाण्यावर चालतो. भोवतालच्या खडकातील पाण्याचा दाब पेटलेल्या पोकळीतील वायूच्या दाबापेक्षा अधिक राहिला पाहिजे, म्हणजे पाणी आत येईल आणि वायू बाहेर जाणार नाही. हा तोल बिघडला की फिनॉल, बेन्झीन यांसारखी घातक द्रव्ये भूजलात शिरतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात हो क्रीक येथे १९७० च्या दशकात असे प्रयोग झाले. तेथे पोकळीचे छत कोसळून वरच्या जलधरांशी तिचा संबंध जडला आणि भूजल दूषित झाले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात चिंचिला येथील प्रकल्पामुळे जमीन दूषित झाल्याच्या प्रकरणानंतर २०१६ साली ही पद्धतच राज्याने बंद केली. भारतात मात्र तिचा विचार थांबलेला नाही. २०२४ साली झारखंडातील जामताडा जिल्ह्यात कास्ता येथे प्रायोगिक काम सुरू करण्यात आले.

हे काम करूच नये, असा निकाल एका भाषणात देण्याचा अधिकार कोणासही नाही. खोल पडलेला कोळसा ही देशाची संपत्ती आहे आणि तिचा उपयोग करण्याचा विचार होणारच. सांगावयाचे ते एवढेच की, वरोऱ्यास १८७१ साली जी संधी हुकली ती येथे हुकण्याचे कारण नाही. तेव्हा शास्त्र नव्हते, आज आहे. तेव्हा यंत्रणा नव्हती, आज आहे. १९९७ साली केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले असून खाणीच्या उपशाचे नियमन त्याच्या कक्षेत येते. तेव्हा ज्या प्रदेशात भूमीखालच्या कोळशास हात घालावयाचा आहे, तेथे आधी एका ऋतूच्या नव्हे तर काही वर्षांच्या नोंदी हव्यात. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारीत, पावसापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरात पातळी मोजते. तोच पाठ गावच्या विहिरींना लावता येईल. उथळ विहीर आणि खोल जलधर यांची पातळी वेगवेगळी नोंदली पाहिजे, कारण दोघांचे वागणे वेगळे असते. पाण्याची परीक्षा खाण सुरू होण्यापूर्वी, ती चालू असताना आणि बंद झाल्यावरही झाली पाहिजे. आणि हे आकडे कंपनीच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीत, कोणासही वाचता येतील अशा ठिकाणी, असले पाहिजेत.

शेवटी एक गोष्ट प्रत्येकाच्या आवाक्यातील. विहिरीची पातळी मोजण्यास दोरी, दोरीच्या टोकाशी एक वजन आणि मीटरच्या खुणा एवढे साहित्य पुरे आहे. काठावर एक जागा कायम ठरवावी, सकाळी पंप चालू होण्यापूर्वी दोरी सोडावी, ओल कोठवर लागली ते पाहावे आणि तारखेसह आकडा लिहून ठेवावा. शाळेतील मुलेही हे काम करू शकतील. बमरोलीत आणि पांडेसऱ्यात राबणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांची वडिलोपार्जित शेती अजून तापीच्या वरच्या खोऱ्यात आहे आणि तिच्यात विहीर आहे. तेथे कोळशाची खाण नसेल. पण पाण्यावर हक्क सांगणारा उद्या कोणता उद्योग येईल हे कोणास ठाऊक? सुट्टीत गावी जाल तेव्हा ही वही घालून द्या. पाणी कोणी नेले याचा वाद ज्या दिवशी उभा राहील, त्या दिवशी या वहीतील पहिल्या पानावरचा आकडाच तुमच्या बाजूने बोलेल.